गाय की रोही

तिवसदऱ्याच्या गोजराबाईनं बंदुकीसाठी अर्ज केला, ही खबर मेडशीच्या बाजारात पोचली तेव्हा लोक खो खो हसले. बाईमाणूस आणि बंदूक! त्यात तिचा नवरा उकंडराव म्हणजे गळ्यात माळ घातलेला, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणारा माणूस. पण लोकांच्या हसण्यानं गोजराबाईचं कधी काही अडलं नव्हतं. तिनं मिरच्या जोखून घेतल्या, हसणाऱ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि डोक्यावर टोपली ठेवून गावाची वाट धरली.

झालं होतं ते असं. सन चोपन्नच्या मार्गशीर्षात तिची डोंगराच्या पायथ्याची तीन एकर तूर फुलावर आली होती. खालच्या फांद्यांना शेंगाही धरल्या होत्या. एका सकाळी ती आणि उकंडराव शेतात पोचले, तर तुरीचे शेंडे गायब. नुसते खराटे उभे. दहिवरानं ओल्या मातीत खुरांचे ठसेच ठसे, आणि बांधापलीकडे रानाच्या कडेला एक दांडगा निळा रोही मान वर करून त्यांच्याकडे पाहत उभा. घोड्याएवढा उंच, गळ्याला केसांचा झुपका, शिंगं मात्र जेमतेम वीतभर. त्याच्यामागे दहा-बारा भुऱ्या माद्या निवांत रवंथ करत होत्या.

गोजराबाईनं ढेकूळ उचलून भिरकावलं. ते निम्म्या वाटेतच पडलं. रोही हललासुद्धा नाही.

उकंडरावांनी मोडलेली एक फांदी हातात घेतली, सरळ करून पाहिली. "त्याइलेबी पोट देल्लं हाय देवानं," ते हळूच म्हणाले.

"अन् आपल्याले काय देल्लं?"

उकंडराव खाली बसून मोडलेल्या झाडांना मातीचा आधार देत राहिले. अठ्ठावीस वर्षं संसार करून गोजराबाईला एवढं कळलं होतं, की हा माणूस आळसानं किंवा भित्रेपणानं असं बोलत नाही. त्याला खरंच तसं वाटतं. म्हणून तर त्याच्यावर फार वेळ चिडताही येत नसे.

गावात त्या वर्षी नवा मास्तर आला होता, जगदेव. शेलूबाजाराकडचा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, इस्त्रीचा सदरा घालणारा. शाळा कुडाच्या भिंतींची आणि गवती छपराची. मेडशीला मोटरीनं दोन दिवसांचा शिळा पेपर यायचा. मास्तर तो पायी जाऊन आणायचा आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्या दिवसांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा छापून येत होती. समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर अमेरिकेनं नवा बाँब उडवून पाहिला होता. त्याची राख लांब मासे धरणाऱ्या जपानी कोळ्यांच्या अंगावर पडली, ते आजारी पडले, आणि त्यातला एक नुकताच गेला होता.

"आपल्या देशानं साफ सांगितलं, हे स्फोट थांबवा," मास्तर म्हणाला. "आणि आपणच का सांगितलं? आपल्या धर्मामुळे. देशात बहुसंख्य लोकांचा धर्म जसा, तसं त्या देशाचं हत्यार, आणि तसंच त्या देशाचं रान. आपण वडाला सूत गुंडाळणारी माणसं. आपल्याकडे बाँबही होणार नाही आणि रानही तुटणार नाही."

गोजराबाई विहिरीवरून येत होती. घागर कमरेवर घेऊन ती पाराशी थांबली.

"मास्तर, ज्याइनं बाँब टाकला त्याइचा देव काय म्हणते?"

"येशू? तो म्हणतो, वैऱ्यावरसुद्धा माया करा."

"अन् लढाईत ज्याइच्यावर पडला, ते कोनाले मानते?"

"जपानात बरेच लोक बुद्धाला मानतात."

"बुद्धानं लढाई करा म्हनलं होतं?"

"छे, उलट..."

"तरी त्याइनं केलीच ना? आमच्या मामाचा पोरगा ब्रह्मदेशात त्याइच्याच गोळीनं मेला." तिनं घागर दुसऱ्या कडेवर घेतली. "देव तं सारेच चांगलं सांगून राह्यले, मास्तर. मंग हे बाँब कोनत्या पोथीतून निघाले?"

पारावरची माणसं हसली. मास्तरही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. "विचार करून सांगतो, काकू," तो म्हणाला.

"सांगा सवडीनं. आधी हे सांगा, रोह्यासाठी सरकार बंदूक देते म्हणतात, ते खरं हाय का?"

खरं होतं. पिकाच्या राखणीसाठी लायसन मिळत असे. मास्तरानं पुढच्या आठवड्यात वाशीमच्या कचेरीतून फारम आणला. त्या वेळी आपला मुलूख नागपूरच्या राज्यात होता, कारभार हिंदी आणि मराठी दोन्हींत चालायचा, आणि मिळालेला फारम नेमका हिंदी निघाला. मास्तरानं राष्ट्रभाषेची परीक्षा दिलेली. त्यानं मोठ्या हौसेनं, वळणदार अक्षरात फारम भरला. 'पिकाचं नुकसान करणारं जनावर' या रकान्यापाशी तो क्षणभर थांबला, रोह्याला हिंदीत काय म्हणतात ते आठवलं, आणि लिहिलं: नीलगाय.

उकंडरावांपुढे कागद ठेवला, तर त्यांनी हात मागे घेतला. "माह्या अंगठ्यानं कोनाचा जीव नाई गेला पाह्यजे," ते म्हणाले.

"बरं," गोजराबाई म्हणाली आणि स्वतःचा अंगठा शाईत बुडवला.

महिन्यानं कचेरीचा कागद आला. मास्तरानं तो वाचला आणि डोक्याला हात लावला. अर्जात गाय मारण्याची परवानगी मागितली आहे, असं कचेरीत कुणी तरी वाचलं होतं. गावातल्या बहुसंख्य लोकांची धार्मिक हरकत आहे काय, याची चौकशी करायला नायब तहसीलदार स्वतः येणार होते. त्याच दिवशी दुसरंही काम होतं. गावाच्या वरचं ई-क्लासचं, म्हणजे सरकारी चराईचं रान कोळसा पाडण्यासाठी ठेकेदाराला द्यायचं की नाही, याबद्दल गावाचं म्हणणं ते लिहून घेणार होते.

"माझीच चूक झाली, काकू," मास्तर म्हणाला. "एका शब्दानं घोळ केला."

"घोळ काहून? इचारून राह्यले तं सांगू."

सरपंच बबनरावांना मात्र घाम फुटला. बबनराव काही वाईट नव्हते. गुरांसाठी दगडी हौद त्यांनी पदरच्या खर्चानं बांधला होता. पण फुलचंद ठेकेदाराला त्यांनी रान देण्याचा शब्द देऊन ठेवला होता. त्या बदल्यात शाळेवर गवताऐवजी पत्र्याचं टीन पडणार होतं आणि मारुतीपुढे फरशी. अशा वेळी आपल्या गावानं गाय मारायला बंदूक मागितली, हे पंचक्रोशीत पसरलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं त्यांना वाटलं. ते घरोघरी फिरले. कुणी काही बोलायचं नाही, हरकत आहे म्हणून हात वर करायचे, असं ठरलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी जेवताना गोजराबाईनं नवऱ्याला विचारलं, "अवो, उद्या साहेबानं इचारलं तं काय सांगसान?"

"जे खरं हाय ते. मले ते जनावर मारू वाटत नाई."

"सांगा मंग. मी माह्यं सांगीन." तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. दोघांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

नायबसाहेब सकाळी दहाच्या सुमारास मेडशीहून बैलगाडीनं आले. जबलपूरकडचे, उंच, चष्मा लावणारे. मराठी समजायचं, बोलताना हिंदी मिसळायची. पारापुढे खाट टाकली होती. गावातले चाळीस-पन्नास लोक जमले होते आणि तांड्यावरचे सात-आठ बंजारेही आले होते. त्यांच्यात लखीराम होता. पन्नाशीचा, सुक्या लाकडासारखा माणूस. त्याच्या बापाकडे पूर्वी ठासणीची बंदूक होती, आणि सगळ्या डोंगरात लखीरामइतका नेम कुणाचा नव्हता.

"देखिये, सरकार को एक ही बात पूछनी है," नायबसाहेब म्हणाले. "नीलगाय मारायला तुमच्या धर्माची हरकत आहे का?"

बबनराव उभे राहिले. "हाय ना, साहेब. गाय ते गाय. निळी असो का काळी. खुरं पहा, दुभंगलेले. रवंथ करते. वासराले पाजते. आमी सारे हिंदू लोक, आमाले हे पाप सहन होनार नाई." त्यांनी मागे पाहिलं. हात भराभर वर गेले.

नायबसाहेबांनी तांड्याकडे पाहिलं. "तुम लोगों का?"

लखीराम पुढे आला. "राम राम, साहेब. आमीबी हिंदूच. शिरगणतीवाल्यानं आमालेबी त्याच खान्यात लिवलं. आमच्या देवीले बकरा लागते, याइच्या देवाले नारळ लागते. आमच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाहिलं, गायबैल आमी लेकरासारखे जपतो. पन रोही आमच्यात कोनी गाय नाई म्हनत."

"तांड्याची गोष्ट निराळी," बबनराव म्हणाले.

"काहून निराळी? हात मोजाले आमी चालतो, अन् बोलाले नाई चालत का?"

नायबसाहेबांनी हातानंच दोघांना थांबवलं आणि फारमावरचं नाव पाहिलं. "गोजराबाई कौन? खेत किस के नाम पर है?"

"याइच्या," गोजराबाईनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "पेरलं दोघांनी."

"तो दस्तखत इन का क्यों नहीं?"

सगळ्यांच्या माना उकंडरावांकडे वळल्या. ते कधी चारचौघांत बोललेले नव्हते. उठले, टोपी सारखी केली. "साहेब, मले ते मारू वाटत नाई. गाय हाय का नाई, मले ठाव नाई. जीव हाय, एवढं ठाव हाय. मी मारनार नाई, हे माह्यं झालं. पन गावानं काय कराव, ते माह्या माळेवरून नका ठरवू." आणि ते खाली बसले.

 बबनरावांना त्यांच्याकडून दुसरंच काही अपेक्षित होतं. गोजराबाईला नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण चारचौघांत ते कसं करणार! ती पदर खोचून पुढे झाली.

"साहेब, तुमी इथं खाटेवर बसून कसं वळखसान? माह्या वावरात चला. अर्ध्या घंट्याची वाट हाय. जनावर दिसलं तं ठीक, नाई तं त्याचं सामान दाखवतो."

"सामान?"

"चला तं खरं."

नायबसाहेबांना बहुधा खाटेवर बसून कंटाळा आला असावा. ते निघाले, तसा सगळा गाव मागे निघाला. तुरीच्या उभ्या खराट्यांतून चालताना त्यांनी दोनदा वाकून खोडं पाहिली, वहीत काही लिहिलं. बांध ओलांडून गोजराबाई रानाच्या कडेला एका पळसाखाली थांबली. तिथं रोह्यांची रोजची बसायची जागा होती. एकाच ठिकाणी लेंड्यांचा हा एवढा ढीग, वरच्या ताज्या, खालच्या वाळलेल्या.

तिनं वाकून ओंजळभर लेंड्या उचलल्या आणि बबनरावांपुढे धरल्या.

"बबनराव भाऊ, हे तुमच्या गाईचं शेण. घरी न्या. उद्या सकाळी याच्यानं आंगन सारवून दाखवा. सारवलं, तं मी आपला अर्ज मांगं घेतो."

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग मागच्या बायकांमधून कुणी तरी फिसकन हसलं, आणि सगळं रान हसलं. नायबसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "भाई, गोबर तो सच में नहीं है," ते म्हणाले.

"खुरं दुभंगलेले हायत म्हनता, तं बकरीचेबी हायत," गोजराबाई म्हणाली. "रवंथ तं बकरीबी करते. आमच्या बोलीत याचं नाव रोही. याच्या नावात गाय नाई. मास्तराच्या हिंदीत गाय घुसली, अन् कचेरीत तिचा कळप झाला."

जगदेव मास्तरानं मान खाली घातली, पण तोही हसत होता.

बबनराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता, तरी ते मागे सरले नाहीत. "गोजराबाई, हसन्याची गोष्ट सोडून द्या. माह्यं एक आइका. बंदूक एक डाव गावात आली की बाहीर जात नाई. आज रोही. उद्या हरीण. परवा बांधाचं भांडन झालं तं कोन कोनावर धरन, सांगता येते का?"

गोजराबाईनं हातातल्या लेंड्या खाली टाकल्या, हात पदराला पुसले. हे तिला सुचलं नव्हतं. आणि खरं ते खरं म्हणायला तिला कधी जड गेलं नव्हतं.

"हे तुमी लाख रुपयाचं बोललात," ती म्हणाली. "हे गाईपक्षा मोठं हाय. मंग असं करू. गावाले एकच बंदूक. ठेवन लखीरामभाऊ, त्याचं कोनासंगं बांधाचं भांडन नाई, कारन त्याले बांधच नाई. पिकात उभं असन तेवढंच जनावर. रानात घुसून मारलं तं लायसन जप्त. लिहून घ्या, साहेब."

"और लोगों को मंजूर है?" नायबसाहेबांनी विचारलं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. ज्यांची ज्यांची वावरं डोंगराखाली होती, त्यांचे हात आधी वर गेले. मग बाकीचेही.

"आता दुसरं," ती म्हणाली. "मान वर करा अन् तिकडं पहा."

वर डोंगराचा माथा होता. चार वर्षांपूर्वी तिथलं रान कोळशासाठी तोडलं होतं. आता नुसती खुंटं आणि मधून मधून उघडा मुरूम. उन्हात तो भाग खरूज झालेल्या बैलाच्या पाठीसारखा दिसत होता.

"हे रोही पह्यले तिथं राह्यत. मी लगन होऊन आली तवा वावरात एक खूर दिसत नोयतं. माथा तुटला, तसे ते खाली आले. आता हे खालचं रानबी फुलचंद शेठले द्याले निंघालो आपन. मंग ते कुठं जातीन? आपल्या चुलीपाशी. तवा एक नाई, धा बंदुका आनल्या तरी पुरनार नाईत." ती बबनरावांकडे वळली, पण आवाज चढवला नाही. "भाऊ, तिले गाय म्हनता अन् तिचा गोठाच मोडाले काढता. असं कसं जमते?"

"मी शब्द देल्ला हाय," बबनराव पुटपुटले. "अन् शाळेच्या टीनाचं काय?"

तेव्हा जगदेव मास्तर पुढे आला. बोलण्याआधी त्यानं दोनदा घसा खाकरला. "मी पारावर रोज सांगतो, की आपण झाडं पुजतो म्हणून आपलं रान टिकेल. आणि या ठेक्याबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. मला टीन पाहिजे होतं. पावसाळ्यात पोरांच्या पाट्या भिजतात. गोजराकाकू, तुम्ही मला विचारलं होतं, ते बाँब कुठून निघाले म्हणून. मला वाटतं, असेच निघाले असतील. प्रत्येकाला कसलं तरी टीन पाहिजे असेल."

लखीराम म्हणाला, "मास्तर, पाट्या आमच्या घरी ठेवत जा. आमचं छप्पर गळत नाई."

त्यावर बराच वेळ वाद झाला. ऊन डोक्यावर आलं. नायबसाहेब बांधावर बसले, कुणी तरी त्यांना पाणी दिलं. शेवटी निम्मंच जमलं. डोंगरातल्या झऱ्याच्या वरचं आणि पळसाकडचं रान दहा वर्षं कुणालाही द्यायचं नाही. पलीकडच्या काटेरी उताराचा ठेका फुलचंदला. बबनरावांचा शब्द निम्मा राहिला आणि गोजराबाईचं म्हणणंही निम्मंच राहिलं. तिला ते पसंत नव्हतं. पण सकाळी सगळंच रान जाणार होतं, हे ती विसरली नव्हती.

नायबसाहेबांनी कागद मांडीवर घेतला. "सब लिख लिया. एक खाना रह गया. धार्मिक आपत्ति, मतलब हरकत. यहाँ क्या लिखूँ? है या नहीं?"

 मास्तर गोजराबाईकडे पाहू लागला.

"लिहा, साहेब," ती म्हणाली. "धर्माले इचारलं होतं. माह्या मालकाच्या धर्मानं नाई म्हनलं, लखीरामभाऊच्या धर्मानं हो म्हनलं, अन् धर्म दोघायचा एकच. म्हनून गावानं जनावर पाहून ठरवलं. एवढं मावते का त्या खान्यात?"

"खाना तो छोटा है," नायबसाहेब म्हणाले, "लेकिन हाशिया बहुत है." आणि ते समासात लिहू लागले.

लायसन आलं ते चैत्रात, वावरं मोकळी पडल्यावर. बंदूक लखीरामच्या घरी तेलाच्या फडक्यात गुंडाळून पडून राहिली. शाळेच्या निम्म्या छपरावर तेवढं टीन पडलं. पावसाळ्यात मास्तर चारही वर्गांची पोरं त्या निम्म्याखाली बसवायचा.

पुढच्या मार्गशीर्षात रोही पुन्हा उतरले. लखीराम दोन दिवस टपून बसला, आणि तिसऱ्या दिवशी दिवस बुडायच्या आधी एक बार झाला. गोजराबाई धावत गेली. तो मोठा निळा नर तुरीत आडवा पडला होता. पाय अजून हलत होते, मग थांबले. जवळून तो तिला वाटला होता त्याहून खूप मोठा निघाला. वर्षभर तिनं हा क्षण मनात पाहिला होता, आणि आपल्याला आनंद होईल असं धरलं होतं. तो झाला नाही. वाईट वाटलं असंही म्हणता येत नव्हतं. त्याच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली, तेव्हा तिनं एक तुरीची फांदी मोडली आणि डोळ्यावर झाकली. "न्या, लखीरामभाऊ," ती म्हणाली. "वाया नका जाऊ देऊ."

तांड्यानं मटण वाटून घेतलं. दुसऱ्या दिवशी बबनराव लखीरामकडे आले. त्यांना मोटेसाठी कातडं पाहिजे होतं. लखीराम काही म्हणायच्या आधीच ते म्हणाले, "मेलेल्या गाईचंबी कातडं मोटेले लागतेच. मी कुठं आपली गोष्ट बदलवली?" लखीरामनं हसून कातडं दिलं.

घरी उकंडराव जेवले, झोपले. पण पहाटे ती उठली तर त्यांचं अंथरूण रिकामं. गोठ्यात नाहीत, अंगणात नाहीत. तांबडं फुटत होतं. डोंगराकडून टण् टण् आवाज येत होता. ती लगबगीनं शेताकडे गेली. बांधावर उकंडराव एका हातात घासलेटाचा रिकामा डबा, दुसऱ्यात काठी घेऊन वाजवत चालले होते. गळा काढून ओरडत होते. आयुष्यात त्यांचा एवढा मोठा आवाज तिनं ऐकला नव्हता. पुढे सगळा कळप उड्या मारत पळसाच्या रानात शिरत होता.

"हे काय चालवलं?" तिनं विचारलं.

उकंडरावांना धाप लागली होती. "लखीराम उठाच्या आधी हाकलले, म्हंजे कोनाले मारा नाई लागत," ते म्हणाले. "पह्यले मले वाटे, खाऊ देल्लं का झालं. आता बंदूक आली. आता मले उठा लागन."

तूर घरात येईपर्यंत ते एक दिवस चुकले नाहीत. थंडीत, तापातसुद्धा. लखीरामनं त्या हंगामात दुसरा बार काढलाच नाही, आणि गोजराबाईच्या वावरातली तूर त्या वर्षी सगळी घरात आली. जगदेव मास्तरानं एकदा तिला अडवून विचारलं, की पीक बंदुकीनं वाचलं की माळेनं. ती म्हणाली, मास्तर, मले इचारू नका, मी तं दोघायलेबी भाकर बांधून देतो.

दोन वर्षांत राज्य बदललं. वाशीमच्या कचेरीत हिंदी फारम मिळेनासे झाले आणि कागद मुंबईला जाऊ लागले. तोपर्यंत गावानं पहाटेच्या फेरीच्या पाळ्या लावल्या होत्या. सोमवारी उकंडराव, मंगळवारी बबनराव, बुधवारी तांडा. बबनरावांचा आवाज सगळ्यांत मोठा, ते 'चल माय, चल माय' असं म्हणत रोह्यांना हाकलायचे. लखीरामच्या पाळीला तो बंदूक घरीच ठेवायचा. खांद्यावर घोंगडं आणि हातात डबा, एवढंच घेऊन तो डोंगराकडे निघायचा, आणि गोजराबाई वाटेत त्याच्या हातावर गरम भाकर ठेवायची.